हुतूतूतील पकडीचा गडी आणि त्याची उपजीविका

खेळाच्या इतिहासात आक्रमण करणाऱ्यांची नावे टिकतात, अडविणाऱ्यांची सहसा टिकत नाहीत. हुतूतूच्या, म्हणजे आजच्या कबड्डीच्या, इतिहासात ही गोष्ट फार ठळकपणे दिसून येते. दम धरून प्रतिपक्षाच्या अंगणात शिरणाऱ्याच्या कृतीला मराठीत 'चढाई' हे लष्करी वळणाचे आणि मानाचे नाव आहे. त्याला रोखण्यासाठी अंगणात जे सात जण उभे असतात त्यांपैकी एकेकाला काय म्हणावे, याचे उत्तर मात्र जुन्या बोलीत मिळत नाही. ते सर्व मिळून 'गडी' असतात. चढाई करणारा अडकला, तर 'पकड झाली' असे म्हणतात; म्हणजे क्रियेला नाव आहे, कर्त्याला नाही. 'बचावपटू', 'कोपरारक्षक', 'मध्यरक्षक' ही नामे वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांनी मागाहून रूढ केली, आणि त्यांपैकी पहिले तर फुटबॉलच्या वृत्तान्तातून इकडे आले असावे असे मानण्यास जागा आहे.

ज्याला नाव नाही त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद होत नाही त्याला त्या कामाचा मोबदला मागता येत नाही. पकडीच्या गड्याला केवळ आपल्या पकडीच्या बळावर पोट भरता यावे ही स्थिती २०१४ नंतरची आहे. ती इतकी उशिरा का आली, आणि ज्या वऱ्हाडातून हा खेळ १९३६ साली युरोपात दाखविला गेला त्या वऱ्हाडात तोवर खेळाडूच्या उपजीविकेचे स्वरूप काय होते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

आरंभी 'गडी' या शब्दाचाच विचार करणे सोयीचे होईल. मराठीत या शब्दाचे तीन अर्थ एकाच वेळी नांदतात: पुरुष, चाकर आणि खेळातील भिडू. 'गडीमाणूस' म्हणताना पहिला, 'घरगडी' म्हणताना दुसरा आणि 'खेळगडी' म्हणताना तिसरा अर्थ पुढे येतो. अकोला आणि अमरावतीच्या शेतकरी समाजात यांपैकी दुसरा अर्थ फार बळकट आहे, कारण तेथे 'सालगडी' ही संस्था आहे. पाडव्याला करार ठरावयाचा, रोख रक्कम आणि धान्य यांचा हिशेब बोलून घ्यावयाचा, आणि पुढल्या पाडव्यापर्यंत त्या गड्याने त्या शेतावर राबावयाचे, अशी ही रीत. म्हणजे ज्या प्रदेशात 'गडी' या शब्दाबरोबर वर्षाचा मोबदला आणि कराराची तारीख इतक्या सहजपणे येत होती, त्याच प्रदेशात खेळातल्या गड्याशी मात्र मोबदल्याची कल्पना शतकानुशतके जोडली गेली नाही. एकाच शब्दाच्या दोन अर्थांमधील हे अंतर कसे मिटले, त्याचीच ही हकिकत आहे असेही म्हणता येईल.

संतांच्या खेळियांच्या अभंगांत हमामा, हुंबरी यांच्या जोडीने हुतूतूचाही उल्लेख येतो. तेव्हा खेळ जुना आहे याविषयी वाद नाही. त्याची प्रांतोप्रांतीची नावे वेगवेगळी. तमिळ आणि तेलुगू प्रदेशात चेडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू, उत्तरेकडे कबड्डी. यांतील बहुतेक नावे चढाई करणाऱ्याच्या तोंडच्या घोषावरून पडलेली आहेत, हे भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. जो दम धरतो, जो बोलतो, त्याच्या उच्चारावरून संपूर्ण खेळाचे बारसे झाले. अडविणारा तर बोलतच नाही. त्याने पकड करताना तोंडातून शब्द काढण्याचे कारण नसते. त्याचे सर्व लक्ष समोरच्याच्या पायाकडे आणि शेजारच्या गड्याच्या हाताकडे असते. अशा मुक्या कौशल्याला नाव मिळण्यास वेळ लागला, यात नवल नाही.

या खेळाचे पूर्वी तीन प्रकार प्रचलित होते: संजीवनी, गमिनी आणि अमर. गमिनीत बाद झालेला गडी संपूर्ण डाव संपेपर्यंत बाहेर बसे. अमर प्रकारात बाद झालेला गडी अंगणातच राही, केवळ प्रतिपक्षाच्या खाती गुण मांडला जाई. संजीवनीत मात्र प्रतिपक्षाचा एक बाद झाला की आपला एक बाहेर बसलेला गडी परत जिवंत होऊन अंगणात येई, आणि तोही ज्या क्रमाने बाद झाला असेल त्या क्रमाने. आजच्या नियमांनी हाच प्रकार स्वीकारला आहे. आता या तिन्हींत पकड करणाऱ्याचे स्थान सारखे नाही. गमिनीत पकड म्हणजे एका शत्रूची वजाबाकी, अमर प्रकारात ती केवळ आकड्याची भर. संजीवनीत मात्र पकड करणारा आपल्याच एका सोबत्याला जीवदान देतो. बाहेर रांगेत बसलेल्या पहिल्या गड्याचे भवितव्य त्याच्या मनगटावर अवलंबून असते. चढाईनेही हे साधते, हे खरे. पण चढाई करणारा आपल्या पायांनी परत येऊ शकतो आणि पुन्हा जाऊ शकतो. पकड करणाऱ्याला ती एकच वेळ असते. समोरचा गडी मध्यरेषेला बोट टेकवू शकला तर त्याला धरणारे सर्वच बाद होतात. चार जणांनी पकडले आणि तो निसटला, तर चौघे बाहेर. पकडीतला धोका असा सामायिक आहे, आणि तो सामायिक असल्यामुळेच तिचे श्रेयही सामायिक राहिले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत सातारा, पुणे आणि बडोदे येथील व्यायामप्रेमी मंडळींनी या खेळाला लिखित नियमांत बांधले. १९२३ साली बडोद्यास हिंद विजय जिमखान्याच्या विद्यमाने झालेली अखिल भारतीय स्पर्धा या दृष्टीने महत्त्वाची मानली जाते. अंगणाची मापे, गड्यांची संख्या, डावाची वेळ, लोण चढल्यावर मिळावयाचे गुण, अशा सर्व गोष्टी हळूहळू ठरत गेल्या. या नियमांनी खेळ एकसारखा झाला खरा, परंतु त्यांनी नोंद केली ती संघाच्या गुणांची. कोणत्या गड्याने किती पकडी केल्या याचा रकाना गुणपत्रिकेत नव्हता.

असा रकाना असणे किंवा नसणे किती निर्णायक ठरते, हे शेजारच्याच एका खेळावरून कळून येते. खो-खोत बचाव करणारा किती वेळ पळला, त्याची मिनिटे आणि सेकंद पंच घड्याळावर मोजतात. त्यामुळे मराठी वृत्तपत्रांतील खो-खोच्या बातमीत खेळाडूच्या नावापुढे कंसात त्याच्या संरक्षणाची मिनिटे छापण्याची प्रथा आहे. खो-खोतला बचाव करणारा याच कारणाने वाचकाला नावानिशी ठाऊक असतो. आट्यापाट्यांत तर अडविणाऱ्याला त्याच्या रेषेवरून ओळखता येते. सूरपाटी, लोणपाटी अशी पाट्यांनाच नावे असल्याने तीवर उभा राहणाराही अनामिक राहत नाही. ('लोण' हा शब्द हुतूतू आणि आट्यापाट्या या दोन्ही खेळांत आहे, पण त्याचा ऊहापोह स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) तेव्हा मराठी समाजाला अडविणाऱ्याची कदरच नव्हती असे नव्हे. जेथे मोजण्याची किंवा जागेची खूण होती तेथे नाव टिकले. हुतूतूत या दोन्हींचा अभाव होता.

आता वऱ्हाडाकडे वळू. १८९७ साली ज्या अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन झाले, तेथील सार्वजनिक जीवनात व्यायामाची चळवळ ही राजकीय जागृतीच्या बरोबरीने वाढली. १९१४ साली अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य या बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर ज्ञात झाला. मल्लखांब, लेझीम, लाठी, कुस्ती यांच्या जोडीला हुतूतू आणि खो-खो हे मैदानी खेळ मंडळाने शिस्तीने शिकविण्यास घेतले. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले असताना मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली आणि त्यांत हुतूतूचाही समावेश होता. भारताबाहेरच्या मोठ्या क्रीडासमुदायापुढे हा खेळ मांडला गेल्याचा हा आद्य प्रसंग म्हणून आजही सांगितला जातो.

या प्रसंगाचा गौरव पुष्कळ झाला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु त्यातील एक बाजू दुर्लक्षित राहिली. प्रात्यक्षिक म्हणजे सामना नव्हे. त्यात हारजीत नसते, म्हणून गुणही नसतात. मल्लखांबावरचा गडी एकटा असल्याने प्रेक्षकाच्या डोळ्यांत भरतो. हुतूतूत लोक पाहतात तो दम धरून जाणारा आणि त्याच्यावर पडणारा घोळका. त्याच ऑलिंपिकमध्ये १५ ऑगस्ट रोजी भारताच्या हॉकी संघाने यजमान जर्मनीला ८ विरुद्ध १ गोलांनी हरविले. ध्यानचंदांचे नाव त्या दिवसापासून घरोघर झाले, तर त्याच संघात पाठीमागे उभ्या राहिलेल्या कार्लाइल टॅपसेल या खेळाडूचे नाव आज हॉकीच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणाला सांगता येणार नाही. जेथे गोल मोजले गेले तेथेही अडविणारा विसरला गेला. जेथे काहीच मोजले गेले नाही तेथे पकडीच्या गड्याची काय कथा!

तथापि वऱ्हाडात खेळाडूच्या उपजीविकेचा एक मार्ग याच काळात तयार झाला, आणि तो अमरावतीनेच तयार केला. तो मार्ग खेळण्याचा नसून शिकविण्याचा होता. मंडळाने व्यायामशिक्षकांचे वर्ग चालविले आणि तेथे तयार झालेले शिक्षक शाळाशाळांतून गेले. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ या जिल्ह्यांत हायस्कुलातील व्यायामशिक्षक हा चांगल्या खेळाडूच्या आयुष्याचा स्वाभाविक शेवट ठरू लागला. चढाईचा गडी असो की पकडीचा, शिक्षकाच्या जागेला त्याची प्रमाणपत्रे पुरेशी होती. हा मार्ग प्रतिष्ठेचा होता, स्थिर होता, आणि त्याने कित्येक पिढ्यांना खेळ दिला. परंतु त्यात वेतन मिळे ते शिक्षकाला. गडी म्हणून त्याची कारकीर्द त्या नेमणुकीबरोबर बहुधा संपलेली असे.

१९३८ साली कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक क्रीडामेळाव्यात या खेळाला स्थान मिळाले. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. १९५२ पासून पुरुषांच्या आणि १९५५ पासून स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. १९७२ साली जो नवा महासंघ झाला त्याच्या नावातच 'ॲमॅच्युअर', म्हणजे हौशी, हा शब्द आहे. खेळाने पोट भरावयाचे नाही, हे जणू नावानेच जाहीर केले होते.

याच काळात मुंबईच्या कबड्डीत 'व्यावसायिक' या शब्दाला एक विलक्षण अर्थ प्राप्त झाला. तेथील स्पर्धांत 'स्थानिक' आणि 'व्यावसायिक' असे दोन गट असत. स्थानिक गटात वस्तीतील मंडळांचे संघ, आणि व्यावसायिक गटात कारखाने, बँका, रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या यांचे संघ. म्हणजे 'व्यावसायिक' खेळाडू तो, ज्याला व्यवसाय आहे; खेळ हा ज्याचा व्यवसाय आहे, तो नव्हे. इंग्रजीतील मूळ शब्दाचा अर्थ मराठीत येताना जवळजवळ उलटा झाला. रेल्वेचा गडी हजेरीपटावर कारकून किंवा तिकीट तपासनीस असे. संध्याकाळी तो संघाचा कोपरा सांभाळी. मराठी भाषेने येथे वस्तुस्थितीशी प्रामाणिकपणा राखला असेच म्हणावे लागते, कारण त्याला पगार खरोखर त्या हुद्द्याचाच मिळत होता.

या व्यवस्थेत पकडीच्या गड्यावर अन्याय होत होता असे मात्र सरसकट म्हणता येणार नाही. राष्ट्रीय स्पर्धेचे प्रमाणपत्र संघाला मिळे आणि त्या प्रमाणपत्रावर सर्व गडी समान असत. महाराष्ट्र शासनाने २००५ साली शासकीय सेवेत खेळाडूंसाठी जे ५ टक्के आरक्षण ठेवले, त्याचाही आधार स्पर्धेतील संघाचे स्थान हाच असल्याने, चढाईच्या आणि पकडीच्या गड्यांत तेथे भेद होत नाही. अनामिकतेचा हा एक लाभ होता, आणि तो उल्लेखिणे न्यायाचे होईल. स्थानिक स्पर्धांच्या पारितोषिकांतही 'उत्कृष्ट चढाई' आणि 'उत्कृष्ट पकड' अशी दोन बक्षिसे शेजारीशेजारी ठेवण्याची पद्धत पडली. परंतु त्यातही पहावे: बक्षिसाचे नाव 'उत्कृष्ट पकड' असे आहे, 'उत्कृष्ट पकड करणारा' असे नाही. नाम अजूनही क्रियेचेच.

तुलनेसाठी येथे इटलीचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल, कारण अडविण्याच्या कौशल्याला त्या देशाइतकी प्रतिष्ठा क्वचितच कोठे मिळाली असेल. इटालियन फुटबॉलमध्ये बचावाच्या ज्या पद्धतीने १९५० आणि १९६० च्या दशकांत दबदबा निर्माण केला तिला 'कातेनाच्यो' म्हणतात. या शब्दाचा अर्थ दाराची कडी अथवा अडसर; आणि त्याचे मूळ 'कातेना', म्हणजे साखळी, या शब्दात आहे. मराठी वाचकाला येथे थांबावेसे वाटेल. जुन्या वाड्याच्या दाराला जी लावतात ती साखळी, आणि हुतूतूत दोघातिघांनी हात गुंफून जी करतात तीही 'साखळी'. दोन समाजांनी, एकमेकांची काहीही वार्ता नसताना, अडविण्याच्या कलेसाठी घराच्या दाराकडूनच शब्द उसना घेतला.

या पद्धतीचा उगम स्वित्झर्लंडमध्ये, १९३० च्या दशकात कार्ल रापान या प्रशिक्षकाच्या विचारात आहे. तेथेही तिचे नाव 'कुलूप-अडसर' याच अर्थाचे होते. इटलीत नेरेओ रोको आणि पुढे मिलान शहरातील इंटर संघाचे एलेनिओ एरेरा यांनी ती पूर्णत्वास नेली. इंटरने १९६४ आणि १९६५ साली लागोपाठ युरोपीय चषक जिंकला. मात्र इटलीच्या उदाहरणातील खरी शिकवण डावपेचांपेक्षा नामकरणात आहे. बचावफळीच्या मागे ज्याच्यावर कोणा एका प्रतिस्पर्ध्याची जबाबदारी नसते अशा खेळाडूला जान्नी ब्रेरा या क्रीडापत्रकाराने 'लिबेरो', म्हणजे मोकळा, हे नाव दिले. नाव पडताच ती एक स्वतंत्र जागा झाली. त्या जागेला परंपरा आली, आणि परंपरेबरोबर मोलही आले. जाचिंतो फाकेत्ती हा डाव्या बाजूचा बचावपटू इंटरकडून १९६० ते १९७८ पर्यंत खेळला आणि १९६८ साली युरोपचे अजिंक्यपद मिळविणाऱ्या राष्ट्रीय संघाचा कर्णधार होता. फ्रांको बारेसी याने एकाच मिलान संघात १९९७ पर्यंत वीस वर्षे घालविली. तो निवृत्त झाल्यावर त्याचा ६ क्रमांकाचा अंगरखा संघाने दुसऱ्या कोणालाही दिला नाही. पाओलो मालदीनी याने २० जानेवारी १९८५ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, मिलानकडून पहिला सामना खेळला आणि २००९ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या संघाचे ९०२ सामने पूर्ण केले. युरोपीय चषक जिंकणाऱ्या संघात तो पाच वेळा होता. २००६ साली विश्वचषक जिंकणाऱ्या इटलीचा कर्णधार फाबिओ कान्नावारो याला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा युरोपीय बहुमान मिळाला, आणि तोही बचावपटूच होता.

या कारकिर्दींना कायद्याचे अधिष्ठान होते. १९२६ सालच्या व्हियारेज्जोच्या सनदेने इटलीत मोबदला घेणाऱ्या फुटबॉलपटूंना मान्यता दिली. त्यांना 'व्यावसायिक' म्हणण्याचे धैर्य मात्र तेव्हा झाले नाही, म्हणून 'अहौशी' असा नकारार्थी शब्द योजला गेला. व्यावसायिक खेळाडूचे कायदेशीर स्थान पूर्णपणे स्पष्ट करणारा कायदा तेथे १९८१ साली झाला. मुंबईच्या 'व्यावसायिक' गटाप्रमाणे तेथेही भाषा काही काळ वस्तुस्थितीभोवती घुटमळत राहिली, असे यावरून दिसते.

महाराष्ट्रात हे दोन प्रवाह २०१४ साली योगायोगाने एकत्र आले. त्या वर्षी २६ जुलै रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला, आणि १२ ऑक्टोबरपासून फुटबॉलची इंडियन सुपर लीग सुरू झाली. पुण्याच्या फुटबॉल संघाने इटलीचे फ्रांको कोलोम्बा यांना प्रशिक्षक नेमले आणि बचावासाठी ब्रुनो चिरिल्लो याला आणले. चिरिल्लो तेव्हा सदतिशीचा होता. इटलीत रेज्जीना, इंटर आणि ग्रीसमध्ये आएक, पाओक असा प्रवास करून त्याने कारकिर्दीचा उतार पुण्यात घालविला. त्याच शहराच्या नावाने 'पुणेरी पलटण' हा कबड्डी संघ त्याच वर्षी उभा राहिला. ज्या देशात अडविणे हा शतकभराचा धंदा होता तेथील एक गडी, आणि ज्या खेळात अडविणे हा त्या उन्हाळ्यापर्यंत धंदाच नव्हता त्यातील गडी, असे दोघे एका शहराचे वेतन घेत होते.

प्रो कबड्डीने पकडीच्या गड्याला जे दिले त्यात पैसा आणि दूरचित्रवाणी यांचाच उल्लेख बहुधा केला जातो. वस्तुतः त्याहून मूलगामी गोष्ट ही की, तेथे पकडीचे गुण व्यक्तीच्या नावावर मांडले जाऊ लागले. लिलावाच्या यादीत खेळाडूच्या नावापुढे त्याची जागा आली: डावा कोपरा, उजवा कोपरा, डावे कव्हर, उजवे कव्हर. समोर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता केलेल्या पकडीला अधिकचा एक गुण ठेवल्याने, हरत आलेल्या बाजूच्या बचावालाही किंमत आली. कोपऱ्यातील गड्याचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे मोल पटेल. पुरुषांच्या अंगणाची एक बाजू मध्यरेषेपासून साडेसहा मीटर खोल असते. निदान रेषा पावणेचार मीटरवर, बोनस रेषा त्यापुढे एक मीटरवर, आणि तिच्या मागे शेवटच्या रेषेपर्यंत उरते ते अवघे पावणेदोन मीटर. या पट्टीत कोपऱ्याचा गडी वाकून उभा असतो. चढाई करणारा बोनससाठी एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून दुसरा उचलतो, तो क्षण निमिषार्धाचा. त्या क्षणी घोटा हाती आला तर पकड, नाहीतर स्वतः बाद. पकडीनंतर कव्हरचा गडी धावून येईपर्यंत तो घोटा सोडावयाचा नाही, एवढेच त्याचे शास्त्र आणि एवढीच त्याची तपश्चर्या.

पहिल्या, २०१४ च्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती आणि ती राकेश कुमार या चढाईसाठी विख्यात असलेल्या खेळाडूवर लागली. चारच वर्षांनी, २०१८ च्या लिलावात, या लीगमधील पहिला एक कोटीचा खेळाडू ठरला तो फजल अत्राचली. आणि तो डाव्या कोपऱ्याचा गडी आहे. तो इराणच्या गोर्गानचा. इराणात दम धरून खेळावयाचा 'झू' नावाचा बालखेळ पूर्वीपासून आहे, तेव्हा कबड्डी त्याला सर्वस्वी परकी नव्हती. २०१५ साली मुंबईच्या संघातून येथे येऊन त्याने त्या संघाबरोबर विजेतेपद मिळविले, पुढे पाटणा, गुजरात, पुणे अशा संघांतून तो खेळला, आणि लीगमधील सर्वाधिक पकड-गुण त्याच्या नावावर जमा झाले. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणीने त्याचाच देशबंधू मोहम्मदरेझा शादलुई याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. आणि २०२४ च्या मार्चमध्ये ती पलटण प्रथमच विजेती झाली.

या दोघांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु पकडीच्या मोलाचा पहिला मोठा लाभ इराणच्या गड्यांना व्हावा, याला कारण आहे. भारतीय कबड्डीची शिकवण दीर्घकाळ चढाईभोवती फिरत राहिली. इराणने आपली ताकद बचावात गुंतविली. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात इराणने भारताला २७ विरुद्ध १८ असे हरविले. १९९० पासून प्रत्येक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेत आलेला भारताचा पुरुष संघ त्या दिवशी पहिल्यांदा अंतिम फेरीबाहेर राहिला. ज्या कौशल्याची आपण नोंदच ठेवली नाही त्याच कौशल्याने आपला पराभव केला.

तरी या नव्या मोजणीतही एक अडचण उरते, आणि ती मूळच्या खेळातूनच आलेली आहे. साखळी पकडीत तिघांचे बळ असते. गुण मात्र एकाच्या नावावर मांडावा लागतो. ज्याने घोटा धरला तो गुणवान ठरतो; ज्याने खांद्याची धडक देऊन चढाई करणाऱ्याला मध्यरेषेपासून तोडले त्याच्या खाती बहुधा काही पडत नाही. म्हणूनच कोपऱ्याच्या गड्यांच्या बोली चढत गेल्या आणि कव्हरच्या गड्यांच्या मागे राहिल्या, असे म्हणण्यास जागा आहे. शिवाय ही सर्व उलाढाल पुरुषांपुरती आहे. स्त्रियांसाठी २०१६ साली तीन संघांची एक छोटी लीग भरविली गेली. ती पुढे चालली नाही. स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून होत असताना, पकड करणाऱ्या मुलीला आजही नोकरीच्या प्रमाणपत्राचाच आधार आहे.

वऱ्हाडाचे चित्र यांहून काहीसे वेगळे आहे. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिखल होते. मातीवरच्या अंगणाचा हंगाम म्हणून सुगीनंतरचाच. लीगचा खेळ गादीवर होतो आणि गादीवर बूट घालून घोटा धरणे व मातीवर अनवाणी घोटा धरणे या दोन निराळ्या विद्या आहेत. अकोल्याच्या खेड्यातील चांगल्या पकडीच्या गड्यासमोर आज दोन वाटा आहेत. एक अमरावतीने शंभर वर्षांपूर्वी घालून दिलेली, शारीरिक शिक्षणाच्या पदवीची आणि शाळेतील नेमणुकीची. दुसरी मुंबई-पुण्याच्या निवडचाचण्यांची, जिचा करार हंगामापुरता असतो आणि पुढल्या लिलावात त्याचे नाव पुकारले जाईलच अशी खात्री नसते. या दुसऱ्या वाटेवर जाणाऱ्याला घरची वडीलधारी मंडळी जे विचारतात त्यात नवे काही नाही. साल किती महिन्यांचे, रोख किती, आणि मध्येच पाय मोडला तर काय, हे प्रश्न पाडव्याच्या दिवशी सालगड्याच्या घरीही विचारले जात आले आहेत.